घोड्याचं गणित आणि ‘जनता’ नावाचं चल

मागच्या लेखात सांगितलं होतं की शेतकरी सोयाबीनच्या वाणांना पहिला-दुसरा-तिसरा असा क्रम देतात तेव्हा त्या क्रमांमधून काय काय काढता येतं. त्या लेखाच्या शेवटी मी एक वाक्य सहज टाकून दिलं होतं, की हेच सूत्र घोड्यांच्या शर्यतीलाही लागू पडतं. ते वाक्य मला महागात पडलं.

दिवाळीला सिरसाळ्याला गेले तर माझा मावसभाऊ लॅपटॉप उघडून तयारच. तो माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा, मी त्याला दादा म्हणते. पुण्याला हडपसरला एका कंपनीत आहे आणि गेली दोन वर्षं पावसाळ्यात सुट्टीच्या दिवशी पुण्याच्या रेसकोर्सवर जातो, हे मला तेव्हाच कळलं. मावशीला तर अजून कळलेलं नाही. तो म्हणाला, “तू पीएचडी आकड्यातच करायलीस ना? मग हे बघ. हाँगकाँगमधी एका माणसानं कॉम्प्युटरवर करोडो कमावलेत. त्याचा पेपर हाय. माझ्याकडं डेटा हाय, तुझ्याकडं सूत्र हाय.” आणि मग हळूच, “तुझी थकलेली फेलोशिप जमा झाली म्हणं एकदम. ऐंशी हजार दे, एप्रिलमधी परत देतो.”

तर आजचा लेख त्या पेपरबद्दल आहे. पेपर खरा आहे, माणूसही खरा आहे. विल्यम बेंटर हे त्याचं नाव. पत्त्यांच्या ब्लॅकजॅक खेळात पत्ते मोजून जिंकणारा हा माणूस पुढे हाँगकाँगला गेला आणि १९९४ मध्ये त्याने ‘कॉम्प्युटर बेस्ड हॉर्स रेस हँडिकॅपिंग अँड वेजरिंग सिस्टिम्स: अ रिपोर्ट’ हा लेख एका संशोधनग्रंथात छापला. यूट्यूबवर आणि टेलिग्रामवर या पेपरचं नाव घेऊन कायकाय विकलं जातं ते तुम्ही पाहिलंच असेल. मी दिवाळीचे चार दिवस तो पेपर वाचला. चकल्या तळून झाल्यावर.

आधी ‘हँडिकॅप’ म्हणजे काय ते बघू, कारण तिथेच निम्मी गंमत आहे. शर्यतीत सगळे घोडे सारख्या ताकदीचे नसतात. मग जोरदार घोड्याच्या पाठीवर जास्त वजन द्यायचं, कमजोर घोड्यावर कमी. जॉकीचं वजन कमी पडलं तर खोगिराला शिसं लावायचं. हे वजन ठरवणारा क्लबचा अधिकारी म्हणजे हँडिकॅपर. इंग्लंडमध्ये १८५५ च्या सुमारास ॲडमिरल राऊस या नौदलातल्या माणसाने हे काम हातात घेतलं. वयानुसार किती वजन द्यावं याचा तक्ता त्याच्याच नावाने ओळखला जातो. तिथे आजही घोड्याच्या रेटिंगचा एक गुण म्हणजे एक पौंड वजन असा हिशोब चालतो. आपल्याकडे महालक्ष्मीला आणि पुण्यालाही रेटिंग वाढलं की वजन वाढतं आणि घोडा वरच्या वर्गात जातो. हँडिकॅपरचं स्वप्न असं की सगळे घोडे एकाच वेळी रेषेवर पोचावेत.

आणि पैसे लावणारा माणूस जेव्हा अभ्यास करून घोडा निवडतो, त्यालाही हँडिकॅपिंगच म्हणतात! म्हणजे बघा, अधिकारी घोड्याचे मागचे निकाल वाचून फरक पुसतो, आणि खेळणारा तेच निकाल वाचून पुसायचा राहिलेला फरक शोधतो. दादाच्या एक्सेलमध्ये सगळ्यात ठळक कॉलम होता ‘मागच्या रेसमध्ये किती लांबीने जिंकला’. मी विचारलं, या विजयानंतर वजन किती वाढवलं तो कॉलम कुठाय? तो नव्हता. आता डर्बीसारख्या मोठ्या शर्यतींत असं रेटिंगनुसार वजन नसतं, तिथे चांगला घोडा चांगलाच राहतो. पण दर आठवड्याच्या कार्डावर बहुतेक शर्यती हँडिकॅपच्याच असतात.

आता भाव. टोट म्हणजे सगळ्यांचे पैसे एका गल्ल्यात, त्यातून क्लबचा आणि सरकारचा वाटा कापायचा, उरलेले जिंकणाऱ्यांनी वाटून घ्यायचे. ही पद्धत जोसेफ ऑलेरने पॅरिसमध्ये १८६० च्या दशकात काढली. बुकी स्वतःच्या अंदाजाने भाव देतो. टोटमध्ये भाव कोणी देत नाही, तो आपोआप ठरतो. एखाद्या घोड्यावर गल्ल्यातले २० टक्के पैसे असतील तर लोक सगळे मिळून म्हणताहेत की याची शक्यता २० टक्के. यात रेसकोर्सवर आयुष्य काढलेला म्हातारा असतो, तबेल्यातली बातमी असलेला असतो, आणि घोड्याचं नाव बायकोच्या नावासारखं आहे म्हणून लावणाराही असतो. तरी हा सामूहिक अंदाज आश्चर्य वाटावं इतका बरोबर येतो. १९४९ मध्ये ग्रिफिथ नावाच्या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या शर्यती तपासल्या. त्यात दिसलं की लोक फेव्हरिटला किंचित कमी लेखतात आणि लांबच्या भावाच्या घोड्यांवर गरजेपेक्षा जास्त पैसे लावतात, पण मधल्या पट्ट्यात त्यांचा अंदाज जवळजवळ नेमका असतो.

इथे माझ्या प्रबंधाचा धागा येतो. १९७३ मध्ये डेव्हिड हार्व्हिल यांनी विचारलं की पहिला येण्याची शक्यता माहीत असेल तर दुसरा-तिसरा येण्याची कशी काढायची? उत्तर सोपं. जिंकलेला घोडा मनातून बाजूला काढा, उरलेल्यांच्या शक्यता पुन्हा शंभराच्या प्रमाणात आणा. अ, ब, क यांच्या शक्यता ५०, ३० आणि २० टक्के असतील, तर अ जिंकल्यावर उरले ब आणि क. त्यांच्यात ३० विरुद्ध २०, म्हणजे ब दुसरा येण्याची शक्यता ६० टक्के. सोयाबीनच्या वाणांसाठी मी हेच सूत्र वापरते.

या सूत्राच्या जोडीला १९८६ मध्ये रूथ बोल्टन आणि रँडल चॅपमन यांनी ‘मल्टिनॉमियल लॉजिट’ आणलं. घोड्याचे मागचे निकाल, वजन, जॉकी वगैरे प्रत्येक गोष्टीला एक गुणक द्यायचा, बेरीज करायची आणि त्यातून प्रत्येक घोड्याची शक्यता काढायची. त्यांच्याकडे शर्यती होत्या फक्त २००. बेंटरने हेच मॉडेल उचललं आणि हाँगकाँगला नेलं. हाँगकाँगच का? तिथे दोनच रेसकोर्स, घोडे साधारण हजारभर आणि तेच ते एकमेकांशी पळणारे, नोंदी चोख, आणि गल्ला प्रचंड. प्रयोगशाळाच म्हणा.

पेपरमधली मला मनापासून आवडलेली गोष्ट सांगते. बेंटरने मॉडेल बनवलं, ते लोकांच्या भावाच्या तोडीचं निघालं. मग त्याने असे घोडे काढले ज्यांना मॉडेल लोकांपेक्षा जास्त शक्यता देत होतं. तर्काने इथेच कमाई हवी. पण ते घोडे मॉडेल म्हणत होतं त्यापेक्षा कमी वेळा जिंकत होते! म्हणजे जिथे मॉडेल आणि लोक यांच्यात मतभेद, तिथे लोकांना काहीतरी जास्त माहीत होतं. त्यावर त्याचा उपाय असा की लोकांचा भावच एक चल म्हणून मॉडेलमध्ये घ्यायचा. आपली शक्यता एका बाजूला, जनतेची दुसऱ्या बाजूला, आणि दोन्हींना किती मान द्यायचा ते डेटाला ठरवू द्यायचं. या मिश्रणातून नफा निघाला. स्वतःच्या मॉडेलच्या चुकीवर इतक्या शांतपणे लिहिलेली पानं मला फार कमी पेपरांत सापडली आहेत. आमच्या विषयातल्या प्राध्यापक मंडळींनीही शिकावं असं.

हार्व्हिलच्या सूत्रातली खोटही त्याने दाखवली आहे. ते सूत्र फेव्हरिटला दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकासाठी जास्तच शक्यता देतं, कमकुवत घोडे प्रत्यक्षात तिथे जास्त वेळा येतात. यावर मी दोन दिवस अडकले, कारण माझ्या सोयाबीनच्या आकड्यांतही असंच काही असेल का हे मी तपासलंच नव्हतं. मार्गदर्शकांना मेल केलाय. तेवढ्यापुरतं दादाचे आभार.

आता तक्रारी. पहिली, आणि संशोधनाच्या नजरेतून मोठी: पेपरात गुणक दिलेले नाहीत. कोणते चल घेतले याची उदाहरणं आहेत, अंतराच्या आवडीवर बरीच चर्चा आहे, पण संपूर्ण मॉडेल नाही. धंद्याचं गुपित आहे, ते समजू शकतं. पण मग पडताळणी कोणी आणि कशी करायची? हा हकीकतीचा अहवाल आहे, आणि नावात त्याने ‘रिपोर्ट’ म्हटलंय ते प्रामाणिकपणे म्हटलंय. त्याला सिद्धांत समजून विकणारे आपण. दुसरं म्हणजे ज्याला जमलं त्याने लिहिलं. त्याच काळात असंच मॉडेल घेऊन बसलेले आणि बुडालेले लोक पेपर लिहीत नाहीत.

पेपरातली एक ओळ मात्र कुठल्याच यूट्यूबवाल्याने सांगितलेली मी ऐकली नाही. बेंटर लिहितो की डेटा लावून नफ्याची चिन्हं दिसेपर्यंत साधारण पाच माणूस-वर्षं गेली, आणि तो धंदा नीट फायद्यात आणायला आणखी पाच. दादाच्या फाइलमध्ये १४० शर्यती होत्या आणि २३ कॉलम.

त्या फाइलचं काय केलं तेही सांगते, कारण हे तुम्ही कुठल्याही ‘सिस्टिम’वर घरी करू शकता. दादाने नियम शोधला होता: पाऊस झालेला, आतल्या बाजूचा ड्रॉ, ठरावीक तीन जॉकींपैकी एक, आणि मागच्या रेसमध्ये पहिल्या चारांत. हा नियम त्याने ज्या शर्यतींतून शोधला त्याच शर्यतींवर तो तपासत होता. म्हणजे पेपर फोडून परीक्षा. मी फाइल दोन भागांत तोडली. पहिल्या १०० शर्यतींवर नियम बसवायचा, उरलेल्या ४० झाकून ठेवायच्या. पहिल्या भागात १०० रुपयांचे ११८ झाले. दादाचा चेहरा खुलला. झाकलेल्या ४० वर तोच नियम लावला, तर १०० चे ७१.

७१ हा आकडा लक्षात ठेवा. कारण आता कपातीचा हिशोब. समजा गल्ल्यातून सगळं मिळून ३० टक्के गेले. मग कुणीही डोळे मिटून पैसे लावत राहिला तरी त्याला सरासरीने १०० चे ७० मिळणार. दादाचं दोन वर्षांचं हँडिकॅपिंग आणि डोळे मिटून लावणं यात एका रुपयाचा फरक! आणि ३० ही मी उदारपणे धरलेली संख्या आहे. जीएसटी आला तेव्हापासून शर्यतीच्या पैजेवर २८ टक्के कर होता, तोही पैजेच्या पूर्ण रकमेवर. सप्टेंबर २०२५ मध्ये तो ४० टक्के झाला. बेंटरच्या वेळी हाँगकाँगमध्ये साध्या विनच्या पैजेवरची कपात २० टक्क्यांहून कमी होती. ३० टक्के कपातीत नुसतं पैसे न बुडण्यासाठी तुमचा अंदाज लोकांपेक्षा १.४३ पट खरा हवा. म्हणजे लोक ज्या घोड्याला २० टक्के देतात त्याची खरी शक्यता साडेअठ्ठावीस टक्क्यांच्या पुढे असायला हवी. असा घोडा कधीतरी असतोही. पण शर्यतीमागून शर्यत असे घोडे ओळखायचे, आणि ज्यांच्याविरुद्ध खेळायचं त्यांत बेंटरलाही मान द्यावी लागली तो म्हातारा बसलेला.

शिवाय गल्ल्याचा आकार. समजा एका शर्यतीचा विनचा गल्ला दोन लाखांचा आणि तुमच्या घोड्यावर त्यातले २० हजार. २० टक्के कापले तरी रुपयाला ८ मिळणार. तुम्ही खुश होऊन स्वतःचे २० हजार लावले. आता गल्ला २ लाख २० हजार, कापून १ लाख ७६ हजार, घोड्यावर ४० हजार. भाव ४ रुपये ४० पैसे. आठचा भाव तुम्हीच पाडलात. हाँगकाँगच्या समुद्रात हे होत नाही, आपल्या विहिरीत होतं.

इथे दादाने त्याचा हुकमाचा एक्का काढला. “सुप्रीम कोर्टानं सांगितलंय, रेस हा कौशल्याचा खेळ हाय. जुगार न्हाई.” बरोबर आहे. के. आर. लक्ष्मणन विरुद्ध तामिळनाडू या खटल्यात १९९६ मध्ये न्यायालयाने तसंच म्हटलंय: घोड्याचं कूळ, तालीम, जॉकीची हुशारी, यांचा अभ्यास करून निवड करता येते, निव्वळ नशिबावर नाही. मला हा निकाल चूक वाटत नाही. माझी हरकत त्यातून लोक जे काढतात त्याला आहे. कौशल्य आहे, कबूल. पण ते आधीच भावात उतरलेलं आहे. खेळात कौशल्य असणं आणि तुम्हाला त्यातून पैसे मिळणं, यांच्यामध्ये ३० टक्क्यांची भिंत आहे. न्यायालयापुढचा प्रश्न पहिल्याचा होता, दादाचा दुसऱ्याचा.

तुम्ही म्हणाल बीड जिल्ह्यातल्या मुलीला हे घोडे कुठून. खरं आहे. मुंबईचं महालक्ष्मी १८८३ चं आणि हैदराबादचं मलकपेट १८८६ चं. त्या काळी आम्ही निजामाच्या राज्यात, पण रेसकोर्स बघितलेला माणूस सिरसाळ्यात मला तरी भेटला नाही. आमचा घोडा म्हणजे नांदेडकडच्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतला. आजोबा तिथे घोडा बघायचे तेव्हा आधी भोवरे मोजायचे. कुठला भोवरा शुभ, कुठला मालकाला खाणारा, पंचकल्याणी आहे का, मग दात, मग चाल. लहानपणी मला ते शास्त्र वाटायचं, कॉलेजात गेल्यावर अंधश्रद्धा. आता दादाचे २३ कॉलम बघून वाटलं, आजोबांची पद्धत निदान तपासून बघण्याआधी कर्ज काढायला सांगत नव्हती. घोडा चालवून बघितल्याशिवाय आजोबांनी पैशाला हात लावला नाही.

आता पेपरवरची शेवटची तक्रार, जी कुठल्या समीक्षकाने केलेली मी वाचली नाही. टोटमध्ये पैसा बाहेरून येत नाही. जिंकणाऱ्याला मिळतो तो हरणाऱ्याचा. बेंटरच्या सूत्रात ‘जनतेचा अंदाज’ हे एक चल आहे, आणि गणित म्हणून ते फार सुंदर आहे. पण त्या चलाला नफ्यात बदलायचं तर जनता कुठेतरी चुकलीच पाहिजे, आणि रोज चुकत राहिली पाहिजे. पेपरभर ती जनता टक्क्यांत येते. तिला पगार नाही, घर नाही. बेंटरने काही गैर केलं असं मी म्हणत नाही, नियमाने खेळला. पण दादा तो पेपर वाचताना स्वतःला बेंटरच्या जागी बघत होता. मी वाचताना तो मला दुसऱ्या चलात दिसत होता. २३ कॉलमची फाइल घेऊन, दर आठवड्याला, दुसऱ्या कुणाचं तरी मॉडेल बरोबर ठरवत.

पैसे मी दिले नाहीत. नंतर कळलं की मावशीला त्याने सांगितलं होतं, सप्टेंबरच्या पावसात उडालेल्या पत्र्यांसाठी आणि सोयाबीन गेलं म्हणून माझ्याकडे उसने मागितलेत, आणि मी नाही म्हणाले. मावशी दहा दिवस माझ्याशी बोलली नाही. तिला खरं सांगावं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पत्र्याचे पैसे मी तिच्या खात्यात परस्पर टाकले, दादाला न सांगता. हा लेख तो वाचणार, म्हणजे आता त्यालाही कळेल.

दादाशी एक करार मात्र केलाय. नोव्हेंबरपासून मुंबईचा हंगाम सुरू झाला, तो एप्रिलपर्यंत चालतो. पैसे लावायचे नाहीत. प्रत्येक रेसच्या दिवशी पहिल्या शर्यतीआधी मला व्हॉट्सॲप करायचा. कोणता घोडा जिंकेल ते नको, प्रत्येक घोड्याला किती टक्के ते हवं, बेरीज शंभर. शेजारी मी टोटचा भाव लिहिते. फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी डर्बी असते, तोवर पुरेशा शर्यती होतील आणि दोघांचा अंदाज शेजारी ठेवून आलेख इथे टाकेन. आतापर्यंत त्याचे तीन मेसेज आलेत. पहिल्यात टक्के नीट होते, बेरीज ९८. दुसऱ्यात निम्म्या घोड्यांपुढे रिकामं. तिसऱ्यात एकाच घोड्याचं नाव आणि पुढे, “हे शंभर टक्के लागणार.” मी वहीत शंभर लिहून ठेवलंय, बाकीच्यांना शून्य.